आगमनाचं लुगडं

अजूनही कुणी सहज विचारलं, "काय, तयार का?" की मी आधी पलंगावरच्या चादरीकडे बघतो. विचारणाऱ्याला बिचाऱ्याला फक्त चहाला जायचं असतं. ही खोड मला मार्थाकाकूंनी लावली. बायकोला हे सांगून पटत नाही, कारण तिनं काकूंना पाहिलेलं नाही. ज्यांनी पाहिलं ते जिथं कुठं असतील तिथं चादरी नीट घालत असतील, याबद्दल मी पैज लावायला तयार आहे.

सत्तरच्या पुढचं काही साल असेल. मी वर्ध्याला वीज मंडळात कारकून म्हणून लागलो आणि सिंदी मेघेला, चर्चच्या मागं, एक खोली भाड्यानं घेतली. घरांच्या समोरासमोर दोन रांगा, म्हणजे आमची लाईन, मधे एक नळ आणि पलीकडं मोकळी वावरं. राहणारे बहुतेक आम्ही ख्रिस्तीच. आम्ही म्हणजे कसे, तर नाताळच्या आधी भिंतींना चुना लावणारे, नवी कापडं शिवून घेणारे, करंज्या मोजून खाणारे, आणि एकदा नववर्षाची उपासना झाली की पुढच्या नाताळापर्यंत देवाला फार त्रास न देणारे. प्रभू पुन्हा येणार आहे आणि तयार असलेल्यांना उचलून वर नेणार आहे, हे आम्ही सगळेच मानत होतो. फक्त तो आपल्या हयातीत, आणि तेही रविवार सोडून इतर दिवशी येईल, असं कुणाला वाटत नव्हतं.

मार्थाकाकूंना वाटत होतं. तो आजच येईल, बहुतेक दुपारच्या आत, असं धरून त्या जगत.

त्या मुलींच्या वसतिगृहात मेट्रन होत्या. रिटायर झाल्या तेव्हा मुली सुटल्या आणि आम्ही सापडलो. सडसडीत बांधा, घट्ट अंबाडा, आणि नजर अशी की माणूस आपोआप नखं लपवी. लाईनीत सगळे एकमेकांना "सलाम" म्हणत. काकूही म्हणत, पण त्यांचा सलाम तिथं थांबत नसे. "सलाम. तयार हाय का?" असा तो एका दमात येई. पहिल्या दिवशी मला वाटलं, कुठं जायचं आहे की काय. मी म्हटलं, "कुठं जायचंय काकू?" त्या थेट माझ्या खोलीत शिरल्या, पलंगावरच्या माझ्या गोधडीच्या बोळ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "प्रभू आता आला, त हे असंच सोडून जाशील? मागं राह्यलेले लोक काय म्हणतील?"

मी मागं राहणाऱ्यांतलाच असणार, तेव्हा गोधडी मलाच लागेल, हे उत्तर मला त्यांच्या पाठमोऱ्या अंबाड्याकडे बघताना सुचलं.

माझं नाव सॅम्युएल. शास्त्रातला त्या नावाचा मुलगा देवानं हाक मारताच अंथरुणातून उठून बसतो. मी ऑफिसची वेळ टळल्यावर उठत असे. काकूंना ही गोष्ट फार लागे. "नाव बदलून घे ना सामू," त्या म्हणत, "काऊन त्या पोराले बदनाम करून राह्यला?"

दूधवाला गवळी हिंदू, भोळा माणूस. त्याला त्या रोज बजावत, "उद्या दूध टाकजो, मी असली त." एक दिवस त्यानं न राहवून विचारलं, "गावाले चालल्या का बाई?" काकूंनी बोट आभाळाकडं केलं. "वर." तो घाबरून माझ्याकडं आला. म्हणाला, बाईची तब्येत बरी नाही का, आणि तसं असेल तर महिन्याचा हिशेब आजच करावा का? मी म्हटलं, बाबा, त्यांची तब्येत तुझ्या-माझ्यापेक्षा ठणठणीत आहे, तू दूध टाकत राहा.

आणि हीच बाई उन्हाळ्यात वर्षाचे पापड घाली. कुरडया, सांडगे, आंब्याचं लोणचं, सगळं वर्षाचं. मला वाटलं, सापडली चूक. मी मोठ्या थाटात विचारलं, "काकू, प्रभू दुपारच्या आत येणार, मग वर्षाचे पापड कशाला?"

लाटणं हवेत तसंच धरून त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तो येईल तवा मी काम करतानी दिसली पायजे, बसून राह्यलेली नाई. अन् नाई आला त पावसाळ्यात काय खाशील? माहं डोस्कं?" मग एक लाटी माझ्यासमोर टाकली. "लाट. तू बी काई तरी करतानी दीस त्याले."

काकूंच्या तयारीच्या दोन वस्तू होत्या. एक कंदील आणि एक लुगडं. कंदील दाराशी खिळ्याला, काच लख्ख, वात कापलेली, तेल गळ्यापर्यंत भरलेलं. घरात वीज येऊन वर्षं झाली होती, तरी तो जागचा हलला नव्हता. वीज मंडळाचा माणूस म्हणून मला त्या कंदिलाचा राग येई. काकू म्हणत, "तुह्या मंडळाची लाईट त्याच्या यायच्या टायमालेच जाईल, पाह्यजो." मंडळात बसून मला हे नाकारता येत नसे.

एकदा परीक्षांच्या दिवसांत संध्याकाळी वीज गेली. रॉकेलचा दुष्काळ होता. बाया वाट्या घेऊन काकूंच्या दाराशी उभ्या राहिल्या. काकू म्हणाल्या, "शास्त्रात दिवे घेऊन नवरदेवाची वाट पाह्यणाऱ्या त्या शहाण्या पोरींनी तेल देल्लं होतं का मूर्ख पोरींले? मंग मी काऊन देऊ?" आणि दार लावून घेतलं. बाया बोटं मोडत परतल्या. थोड्या वेळानं दार उघडलं. "तेल नाई देत म्हटलं त नाईच देत. पण हा कंदील ओट्यावर ठेवून राह्यली. ज्या पोट्ट्यांले अभ्यास कराचा त्यांनी या." मग रोज संध्याकाळी लाईनीतली पोरं तिथं बसत आणि काकू मधे उभ्या राहून त्यांचे कान बघत.

त्या उजेडाचा एक पट्टा समोरच्या ओट्यावर पडे. तिथं एस्तरआत्या तांदूळ निवडायला बसत. कंदिलाकडं पाठ करून.

एस्तरआत्या म्हणजे काकूंच्या धाकट्या नणंद. गोऱ्या, गोल, उपास-प्रार्थना करणाऱ्या. दोघींची दारं समोरासमोर, आणि दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. मला हे पहिल्याच आठवड्यात कळलं, कारण माझी नेमणूकच त्या जागेवर झाली. मी नळावर दात घासत होतो. एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला आत्या, अंतर हातभर.

"सामू, सांग त्या बाईले, का नळावर घमेलं ठेवून कोणी नंबर लावत नसते."

"सामू, सांग तिले, का घमेलं माहं नाई, डॅनियलचं हाय."

तोंडात मंजन घेऊन मी दोन्ही वाक्यं इमानानं इकडून तिकडं पोचवली. पुढं अनेक वर्षं हेच चाललं. वीज मंडळातल्या नोकरीपेक्षा या नोकरीत मी नियमित होतो. त्यात पदरात पडायचं ते दोन्ही घरचा चहा आणि दोन्ही घरच्या शिव्या.

भांडण कशाचं, ते मला डॅनियलनं सांगितलं. हा डॅनियल आमचा शिंपी, शनिवारी पिणारा आणि रविवारी उपासनेत सगळ्यांत मोठ्यानं गाणारा. काकूंचे यजमान याकोबदादा रेल्वेत पाइंटमन होते. हसरा, तंबाखू खाणारा माणूस. चर्चमधे क्वचितच. रविवारची ड्यूटी मागून घ्यायचे म्हणे. काकू मागं लागायच्या, ते हसायचे. एका संध्याकाळी जेवायला बसले आणि पहिल्या घासालाच कोसळले. मातीच्या दिवशी, पेटी घरातून निघताना, एस्तरआत्या सगळ्यांदेखत काकूंना म्हणाल्या, "दुनियेले तयार करत फिरते, माह्या भावाले काऊन नाई तयार केलं?"

काकू तेव्हाही रडल्या नाहीत, आणि तेव्हापासून बोलल्या नाहीत.

आमच्याकडं प्रभुभोजनाची एक रीत आहे. भाकरी घेण्याआधी ज्याच्याशी वाकडं असेल त्याच्याशी मिटवून यायचं. त्यामुळं आदल्या शनिवारी लाईनीत माफ्यांचा बाजार भरे. डॅनियल तर वर्षभराची आगाऊ माफी मागून ठेवी. पण रविवारी ताट फिरत शेवटच्या बाकाशी आलं की मार्थाकाकू ते न घेता पुढं सरकवत. पलीकडच्या बाकावर एस्तरआत्याही तेच करत. लाईनीतली सगळ्यांत तयार बाई दर वेळी उपाशी उठे, आणि आम्ही गोधड्यांचे बोळे करणारे ओठ पुसत बाहेर येत असू. पाळकसाहेबांनी समजावून पाहिलं. काकू म्हणाल्या, "तिनं आधी बोलावं." आत्याही तेच म्हणाल्या. काकूंना पुरतं ठाऊक होतं की कंदील, लुगडं, पापड सगळं जागच्या जागी असलं तरी ही एक गाठ त्यांना दारातच अडवणार. त्यांना ती सुटत नव्हती.

लुगड्याचं राहिलं. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेलं एक पांढरंशुभ्र लुगडं होतं. काकू अधूनमधून ते उन्हात टाकत, इस्त्री करून परत ठेवत. आम्ही त्याला आगमनाचं लुगडं म्हणत असू. काकूंनी ते एकदाही नेसलं नव्हतं.

ऐंशीच्या उन्हाळ्यात निवडणूक आली. आठवडाभर जीप भोंगा वाजवत फिरत होती की मोठे नेते येणार, हवाई मार्गानं येणार, सभा होणार. काकूंनी लक्ष दिलं नाही. "ज्याचं राज येणार हाय त्याले मत लागत नाई," त्या म्हणाल्या. मी भोंगा रोज ऐकत होतो, हे नमूद करून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज व्हायला नको.

त्या रविवारी उपदेश नेमका दिवे विझलेल्या पोरींवर होता. म्हणजे असं काकू म्हणाल्या, मी झोपलो होतो. दुपारी घरी येऊन मटण खाल्लं आणि राहिलेली झोप पूर्ण करायला लागलो. काकूंनी बाहेर बाजांवर पापड वाळत घातले होते आणि त्याही, कधी नव्हे त्या, आत जरा पडल्या होत्या.

जाग आली ती आभाळ फाटल्यासारख्या आवाजानं. पत्रे थडथडत होते, दारं आपटत होती, खिडकीतून धुळीचा लोट आत आला. मी गोधडी डोक्यावरून घेतली. मग आवाज एकदम थांबला. इतका थांबला की कुत्रंही भुंकेना.

मी बाहेर आलो. लाईनीत कुणी नव्हतं. डॅनियलच्या मशीनवर अर्धी बाही सुईखाली तशीच, खुर्ची आडवी. कुणाच्या तरी खिडकीत दाढीचा फेसाळ ब्रश. नळ धोधो चालू, खाली बादली वाहून चाललेली. दूध उतू गेल्याचा वास. आणि जिकडंतिकडं चपला. माणूस कुठं जातो तर चपला घालून जातो. चपला सोडून जाण्याची एकच जागा मला ठाऊक होती.

मी मॅट्रिक पास माणूस. तरी मी मटकन उंबऱ्यावर बसलो. अशा वेळी माणसाला आपली पापं आठवावीत. मला पहिला विचार आला तो असा, की उद्या सोमवार, आता ऑफिस नसणार.

तेवढ्यात मार्थाकाकू बाहेर आल्या. त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, मग बाजांकडं. बाजांवर नुसती धोतरं फडफडत होती.

"पापड बी गेले, माय," त्या हळूच म्हणाल्या.

मग त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. त्यांनी नळ बंद केला. एका घरात शिरून दूध उतरवलं, दुसऱ्या घरातला स्टोव्ह विझवला, तिसऱ्या दाराशी पडलेल्या चपला सरळ करून ठेवल्या. जग संपलं होतं, देवानं त्यांना टाकलं होतं, आणि त्या लोकांची दुधं सांभाळत होत्या. असं करत माझ्या दाराशी आल्या.

"तू राह्यला का?" त्यांनी मला न्याहाळलं. "तुहं त वाटलंच होतं. पण मी?"

हा प्रश्न त्यांनी मला विचारलेला नव्हता.

इतक्यात न्हाणीचं दार करकरलं. एस्तरआत्या डोक्याला शिकेकाई तशीच ठेवून, ओल्या लुगड्यात, भिंत धरत बाहेर आल्या. गुडघ्यांमुळं त्यांना भरभर चालता येत नसे. त्यांनी रिकामी लाईन बघितली. मग काकूंना बघितलं. दोघी नळाच्या दोन बाजूंना, नेहमीच्याच जागी उभ्या. सवयीनं मी निरोप न्यायला उठलो.

"वयनी," आत्या म्हणाल्या. थेट. "तुमाले नाई नेलं?"

काकूंनी मान हलवली. "तुले?"

"मले वाटलं तुमी त पयल्याच जासाल. कंदील भरून ठेवता, लुगडं धुऊन ठेवता."

"मले वाटलं तू गेली असशील. उपास करते एवढे."

"डॅनियल?" आत्यांनी विचारलं.

काकूंनी मशीनकडं बोट दाखवलं. दोघी त्या अर्ध्या बाहीकडं बघत राहिल्या. "डॅनियल गेला, माय," काकू म्हणाल्या, "अन् आपण राह्यलो."

मग एस्तरआत्या नळाच्या ओट्यावर बसल्या आणि मोठ्यानं रडायला लागल्या. शिकेकाई डोळ्यांत उतरत होती, पण त्यासाठी त्या रडत नव्हत्या. "माह्या जिभेनं ठेवलं मले वयनी. अन् माह्यापायी तुमाले. त्या दिवशी मी बोलली ते खोटं होतं. दादा माह्या ओट्यावर बसत होता ना तंबाखू खात? मी त्याले म्हणत होती, अरे, चर्चले येत जा, तयारी कर. त त्यानं काय म्हणावं? म्हणे, मले कायले तयारी? मार्था हाय ना, पदराले बांधून नेईल मले. ती गेली का मी गेलोच. हे तुमाले सांगाचं सोडून मी तसं बोलली. माहा भाऊ गेलता न, मले कोणावर तरी ओरडाचं होतं."

काकू उभ्याच होत्या. मी त्यांचं तोंड पाहिलं आणि मान फिरवली, कारण ते दुसऱ्यानं बघण्यासारखं नव्हतं. मग त्यांचा आवाज आला.

"पदराले बांधून, असं म्हणे?"

"हाव."

"मेला," काकू म्हणाल्या, आणि रडल्या. याकोबदादा गेल्यापासूनचं सगळं एकदम रडल्या. मग तांब्या घेऊन नळ सोडला आणि नणंदेच्या डोक्यावरची शिकेकाई धुवायला बसल्या. रडणं आणि धुणं दोन्ही चालू. "डोळे मीट. मीट म्हटलं ना."

जगाच्या शेवटी का होईना, काही चांगलं बघायला मिळालं, असं मला वाटत होतं.

आणि वावराकडून डॅनियल पळत आला. अनवाणी, धुळीनं पांढरा, गळ्यात मापाची टेप. "काकू! हेलिकॉप्टर पाह्यलं का? अवो, मांगच्या वावरात उतरलं! शहरात उतराचं त अठीच उतरलं! तुमचे पापड पार हवेत गेले, एक त पोलिसाच्या टोपीवर बसला!"

त्याच्यामागून सगळी लाईन हसत, ओरडत, काटे काढत आली.

काकू उठल्या. डोळे पुसले. "मेल्या, तू गेला नाई?" असं म्हणून त्यांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. तो धपाटा त्याला का बसला हे डॅनियलला शेवटपर्यंत कळलं नाही. मग त्या सगळ्यांकडं वळल्या. "दूध चुलीवर ठेवून जाता? नळ उघडा टाकून जाता? प्रभू खराच आला असता त? असं घर टाकून गेल्या असत्या त्याच्यासंगं?" बाया खाली मान घालून चपला शोधू लागल्या.

पुढच्या प्रभुभोजनाला शेवटच्या बाकावर ताट आलं. काकूंनी भाकरीचा तुकडा घेतला. आत्या त्याच बाकावर बसल्या होत्या, त्यांनीही घेतला. पाळकसाहेब पुढचे शब्द विसरले. दोघींचं भांडण अर्थातच थांबलं नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी नळावर घमेल्यावरून जुंपली. फरक एवढाच की आता ती थेट होती आणि मधे माणूस लागत नव्हता. माझी नोकरी गेली, दोन्ही घरचा चहाही गेला.

पुढं माझी बदली आष्टीला झाली. लग्न झालं, जाणं-येणं कमी होत गेलं. मग एके दिवशी डॅनियलनं ऑफिसात फोन करून कळवलं की एस्तरआत्या गेल्या. मी मिळेल त्या एस.टी.नं वर्ध्याला आलो.

पेटी उघडीच होती. आत्यांच्या अंगावर पांढरंशुभ्र लुगडं होतं, इस्त्रीची घडी अजून न मोडलेली, डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. मी काकूंकडं बघितलं. त्या पेटीशी उभ्या होत्या, घरातल्या छापील लुगड्यात. झाकण लावायच्या आधी त्या वाकल्या आणि आत्यांच्या पदराच्या टोकाला एक घट्ट गाठ मारली. गाठीत काही नव्हतं. कुणीतरी कुजबुजलं की म्हातारपणी असं होतं.

मातीहून आल्यावर सगळे पांगले. माझी परतीची बस सुटायची वेळ झाली होती, म्हणून मी काकूंच्या दाराशी सलाम करायला गेलो. त्या ओट्यावर बसल्या होत्या. कंदील खिळ्याला होता, भरलेला. समोरच्या दाराला कुलूप होतं.

"काकू, तुमचं लुगडं..." मी म्हटलं.

"ती पयले गेली न. तिले पायजे होतं."

मी उभा राहिलो. त्यांनी आज "तयार हाय का" विचारलं नव्हतं, आणि मला, खरं सांगतो, चुकल्यासारखं झालं. मी पायऱ्या उतरलो तेव्हा मागून हाक आली.

"सामू."

"काय काकू?"

त्यांनी समोरच्या कुलपाकडं बघितलं. "तू माह्या आधी गेला, त सांग त्या बाईले, का नळावरचं घमेलं मी घरात घेतलं हाय. चोरीले नाई गेलं."

वीस वर्षं मला मागं राहणाऱ्यांत धरणारी बाई निरोप देऊन मला पुढं पाठवत होती.

"सांगतो," मी म्हटलं, आणि बस गाठायला निघालो.